आंबिलीला साखर लागत नाही

जून २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय पोषण आहाराच्या नव्या पाककृती आल्या, तेव्हा त्यांत नाचणी सत्त्वाला जागा मिळाली होती. जानेवारी २०२५ मध्ये अंडी आणि साखर यांसाठीचा निधी शासनाने थांबवला. साखर लागणारे पदार्थ ऐच्छिक झाले आणि साखर लोकसहभागातून मिळवावी, असे शाळांना सांगण्यात आले. नाचणी सत्त्व खिरीसारखेच ‘गोड पदार्थ’ म्हणून मोजले गेले होते. त्यामुळे साखरेचे पैसे गेले आणि तिच्याबरोबर नाचणीही बाजूला पडली.

पण नाचणीला साखर लागते, हे ठरवले कोणी? नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठ तालुक्यांकडची नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी, कोकणातले घावन, कोल्हापूरकडची ताक आणि लसूण घातलेली आंबील, यांतल्या एकाही पदार्थाला साखर लागत नाही. मुलांना पौष्टिक काही द्यायचे तर ते गोड, पातळ आणि पेल्यातच असले पाहिजे, ही समजूत शासन निर्णयात आहे तशीच घराघरांतही आहे. दूध नको म्हणणाऱ्या मुलाचा प्रश्न या समजुतीमुळेच अवघड होऊन बसला आहे. मुलाला गरज कॅल्शियमची आहे आणि ते तिखटमिठाच्या जेवणातून देता येते. ज्या घरांत रोजचे दूध परवडत नाही, त्यांच्यासाठी ते शाळेच्या ताटातून यायला हवे.

आधी गरज किती ते पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सुधारलेल्या शिफारशींनुसार दिवसाला १ ते ३ वर्षांच्या मुलाला ५०० मिलिग्रॅम, ४ ते ६ ला ५५०, ७ ते ९ ला ६५०, १० ते १२ ला ८५० आणि १३ ते १५ वयाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. या आकड्यांत सुरक्षिततेसाठी थोडी वाढ धरलेली असते, त्यामुळे एखाद्या दिवशी शंभर-दीडशे कमी पडले म्हणून हाडे ठिसूळ होत नाहीत. धोक्याची रेषा वेगळी आहे. मुडदुसाबाबत, म्हणजे मुलांची हाडे मऊ होऊन वाकण्याच्या आजाराबाबत, २०१६ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्रितपणे सांगितले, की एक वर्षावरील मुलाला दिवसाला ५०० मिलिग्रॅमहून जास्त मिळत असेल तर मुडदूस टाळायला ते पुरेसे आहे, ३०० ते ५०० अपुरे आणि ३०० च्या खाली म्हणजे कमतरता. ज्या मुलाच्या पोटात भात, पातळ वरण, बटाटा, बिस्किटे आणि चहा एवढेच जाते, ते सहज ३०० च्या खाली राहते. १०० ग्रॅम तांदळात कॅल्शियम असते जेमतेम ७-८ मिलिग्रॅम. पहिली ते पाचवीच्या मुलाला पोषण आहारात रोज १०० ग्रॅम तांदूळ मिळतो. पोट भरते, पण हाडांच्या खात्यात जवळजवळ काहीच जमा होत नाही.

दुधाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. २०० मिलिलिटर दुधात सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, त्यातले साधारण तीस टक्के शरीर शोषून घेते आणि सोबत प्रथिने व बी-१२ मिळतात. गाईचे की म्हशीचे, हा वाद कॅल्शियमपुरता निरर्थक आहे, कारण दोन्हींत ते जवळपास सारखेच असते. मूल दूध पीत असेल तर फारच उत्तम. पीत नसेल तर नाक दाबून पाजायचे का, एवढाच प्रश्न आहे. उत्तर ठामपणे ‘नाही’ असे आहे. जबरदस्तीने मूल दुधाबरोबर जेवणालाही घाबरू लागते, आणि रोज सकाळी घरात जो तमाशा होतो त्याचा दोष बहुतेक वेळा आईच्या माथी मारला जातो.

नकाराचे कारण मात्र शोधायला हवे. बऱ्याच मुलांना दुधाची चव चालते, नको असते ती साय आणि तापवलेल्या दुधाचा वास. कॅल्शियम सायीत नसते. त्यामुळे दूध गाळून दिले किंवा टोन्ड दूध आणले तरी काही बुडत नाही. दूध थंड दिले की वास दबतो. दोनशेचा पेला रिकामा करायला लावण्याऐवजी लहान वाटीत ७५-१०० मिलिलिटर दोनदा दिले तर अनेक मुले कुरकुर न करता पितात. दूध प्यायल्यावर तासा-दोन तासांत पोट फुगणे, गुडगुडणे, पातळ शौचास होणे असे होत असेल, तर ती दुग्धशर्करा न पचण्याची लक्षणे आहेत. जुलाबाच्या आजारानंतर काही आठवडे हे तात्पुरते होऊ शकते. अशा मुलांना दही सहसा सोसते, कारण विरजणाने ती शर्करा काही प्रमाणात खाऊन टाकलेली असते. अंगावर गांधी उठणे, उलट्या, शौचातून रक्त, ही मात्र दुधातल्या प्रथिनांच्या अॅलर्जीची खूण असू शकते. तिथे दहीही चालत नाही आणि घरगुती प्रयोग न करता बालरोगतज्ज्ञांकडेच जावे.

दूध गळी उतरवण्याचा सगळ्यांत रूढ उपाय म्हणजे चॉकलेटी पावडर. डब्याच्या मागचा तक्ता वाचला तर १०० ग्रॅममागे ३० ग्रॅमहून जास्त साखर सर्रास दिसते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना ही पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या गटातून काढायला सांगितली, कारण अन्नसुरक्षा कायद्यात आरोग्यपेय अशी व्याख्याच नाही. काही पावडरींत कॅल्शियम घातलेले असते हे खरे, पण रोज दोन वेळा गोड चवीचे वळण लावून ते मिळवण्याची गरज नाही. आणि पावडरीमुळे मूल दिवसाला पाऊण लिटर दूध पिऊ लागले, तर वेगळीच अडचण उभी राहते. दुधाने पोट भरते, जेवण सुटते. दुधात लोह नगण्य असते आणि त्यातले कॅल्शियम जेवणातल्या लोहाच्या शोषणात अडथळा आणते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांत रक्तक्षयाचे प्रमाण ६८.९ टक्के आढळले. अशा राज्यात लहान मुलाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध देण्याचा आग्रह धरणे बरोबर नाही.

दूध पिणे नको, पण दुधाचे खाणे चालते, अशी मुले पुष्कळ. दीडशे ग्रॅमची एक वाटी दही म्हणजे १८० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. ताक दिले म्हणून निर्धास्त राहू नये. एका पेल्यात दोन-तीन चमचेच दही असेल तर हिशेब ५०-६० च्या पुढे जात नाही. कढीचेही तसेच. पनीर ५० ग्रॅम असेल तर २०० च्या वर मिळते. पनीर लिंबाने फाडल्यावर राहिलेले हिरवट पाणी टाकू नये, आंबटपणामुळे दुधातले थोडे कॅल्शियम त्यात उतरलेले असते आणि त्यात पोळीची कणीक छान मळली जाते. आपल्याकडे दशमी आहेच. प्रवासाला टिकावी म्हणून दुधात पीठ मळण्याची ही रीत दूध न पिणाऱ्या मुलासाठी आजही उपयोगाची आहे. दोन दशम्यांत सत्तर-ऐंशी मिलिलिटर दूध जाते आणि मुलाला त्याचा वास लागत नाही. त्याहून सोपे म्हणजे साय काढलेल्या दुधाची साधी, बिनसाखरेची पावडर. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे साधारण ८ ग्रॅममध्ये, १०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ती डोशाच्या पिठात, थालीपिठात, कणकेत मिसळता येते. मात्र अशी पोळी लवकर लाल होते, तेव्हा तवा मध्यम आचेवर ठेवावा. तुपाचा इथे काही उपयोग नाही. ‘दूध पीत नाही, निदान भातावर तूप तरी’ असे समाधान करून घेतले जाते, पण तुपात कॅल्शियम नसते.

आता नाचणी. १०० ग्रॅममध्ये सुमारे ३६० मिलिग्रॅम, म्हणजे वजनास वजन धरले तर दुधाच्या तिप्पट. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले तेव्हापासून ‘मिलेट खा, कॅल्शियम मिळेल’ असे सरसकट बोलले जाते. ते चूक आहे. ज्वारी, बाजरीत १०० ग्रॅममागे ३० च्या आसपासच कॅल्शियम असते, वरईतही कमीच. भरडधान्यांची बिस्किटे, मिश्र पिठे यांच्या पाकिटांवर नाचणीचे चित्र असते आणि आत तिचा वाटा पाच-दहा टक्के. पाकिटावरचे प्रमाण वाचल्याशिवाय काही खरे नाही.

नाचणीतही एक खोच आहे. तिचे कॅल्शियम मुख्यतः तांबड्या सालीत असते. भिजवून, वाटून, फडक्यातून पिळून जे पांढरट सत्त्व काढतात, ते पचायला हलके असले तरी साल चोथ्यात गेल्यामुळे त्यातले बरेच कॅल्शियमही गेलेले असते. म्हणून वर्षाच्या आतले बाळ सोडले तर मोठ्या मुलांसाठी अख्ख्या नाचणीचेच पीठ वापरावे. दुसरी अडचण फायटेटची. सालीतला हा घटक कॅल्शियम धरून ठेवतो. मोड आणले किंवा पीठ आंबवले की तो कमी होतो. नाचणी दोन-तीन पाण्यांनी धुऊन १० ते १२ तास भिजवावी, निथळून ओल्या फडक्यात सैल बांधावी. २४ ते ३६ तासांत दोन-तीन मिलिमीटरचे मोड येतात. त्याहून लांब मोड आले तर पीठ कडवट लागते. फडके घट्ट बांधले किंवा पाणी राहिले तर बुळबुळीत होऊन आंबूस वास येतो, अशी नाचणी टाकूनच द्यावी. मोड आलेली नाचणी पूर्ण वाळवून, मंद आचेवर खरपूस वास येईपर्यंत भाजून दळावी, आणि दळल्यावर वस्त्रगाळ करू नये.

मुले नाचणी नाकारतात ती रंगामुळे आणि कच्चट चवीमुळे. पहिल्याच दिवशी काळपट भाकरी पुढे आली तर मोठेही नाक मुरडतील. घावनाच्या किंवा डोशाच्या पिठात चौथा हिस्सा नाचणी घालून सुरुवात करावी, पंधरा दिवसांनी अर्धी. नाचणीत गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून भाकरीचे पीठ उकळत्या पाण्यात उकड काढूनच मळावे लागते, नाहीतर थापताना कडा फुटतात. नवा पदार्थ आवडायला मुलाला तो आठ-दहा वेळा तरी समोर दिसावा लागतो. दोनदा थुंकला म्हणून ‘त्याला आवडत नाही’ असा शिक्का मारून मोकळे होऊ नये.

काही लोकप्रिय उपायांबद्दल स्पष्ट बोललेच पाहिजे. पालकात कॅल्शियम आहे, पण ऑक्सॅलेट हा घटक ते बांधून ठेवतो, त्यामुळे त्यातले पाच टक्केच शोषले जाते. अळूचीही तीच गत. मेथी आणि मुळ्याचा पाला यांत ऑक्सॅलेट बरेच कमी असते आणि १०० ग्रॅममागे कॅल्शियम २३० ते २७० पर्यंत मिळते. बाजारात मुळा घेताना पाला मोडून तिथेच टाकून येणारे लोक पाहिले की वाईट वाटते. शेवग्याचा पाला ३०० च्या वर आहे आणि तो फुकट मिळतो. कोवळा पाला बारीक चिरून थालीपिठात किंवा डाळीत घालावा. फार शिजवला किंवा जून असला की कडू लागतो. तिळाचा आकडा मोठा, १२०० च्या पुढे, पण तो सालीसकट तिळाचा आहे. त्यातलेही बरेच कॅल्शियम ऑक्सॅलेटशी बांधलेले असते, आणि साल काढलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात तर ते फारच थोडे उरते. म्हणून चटणीला न सोललेले तीळ घ्यावेत, आणि दोन चमच्यांवर सगळी भिस्त ठेवू नये. अंडे रोज द्यावे इतके चांगले अन्न आहे, पण कॅल्शियमसाठी नव्हे. एका अंड्यात ते २५-३० मिलिग्रॅमच असते.

चुन्याबद्दल जास्त कळकळीने सांगावे लागते. ‘गव्हाच्या दाण्याएवढा खायचा चुना दह्यात घालून द्या’ हा सल्ला मोबाइलवर फिरत असतो. चुना दाहक असतो. दाण्याएवढा म्हणजे किती हे प्रत्येक हाताला वेगळे, आणि पानाच्या चुन्यात आणखी काय मिसळले आहे याची खात्री नाही. चुन्याची पुडी दाबताना फुटून लहान मुलांच्या डोळ्यांना कायमची इजा झाल्याच्या घटना नेत्रतज्ज्ञांना नव्या नाहीत. मूल असलेल्या घरात ही पुडी हाताशीसुद्धा असू नये.

किनारपट्टीवर आणि मासे खाणाऱ्या घरांत उत्तर सोपे आहे. जवळा अख्खाच खाल्ला जातो, कडक तळलेली मांदेली काट्यांसकट चावता येते. सुरमईच्या तुकडीतून कॅल्शियम फारसे मिळत नाही, कारण ते काट्यात असते आणि काटा आपण बाजूला काढतो. सुका जवळा भाजून, निवडून, दोनदा धुऊन घ्यावा, म्हणजे रेती आणि जास्तीचे मीठ जाते. शाकाहारी घरांत कुळथाचे पिठले आहे. ३० ग्रॅम कुळथातून ८० मिलिग्रॅमपर्यंत मिळते, मटकीच्या उसळीतून त्याच्या निम्मे-अधिक.

सात वर्षांच्या, दुधाचा थेंबही न पिणाऱ्या मुलाचा एक दिवस मांडून पाहू. सकाळी ४० ग्रॅम नाचणीचे घावन, १४५. दुपारी वाटीभर दही, १८०. अर्धी जुडी नव्हे, फक्त ५० ग्रॅम मेथीची भाजी, १३५. रात्री कुळथाचे पिठले, ८०. दिवसभरात दोन लहान चमचे न सोललेल्या तिळाची चटणी, १०० च्या आसपास. बेरीज ६४०. शोषणात काही कमी-जास्त होईल हे मान्य करूनही ५०० ची रेषा आरामात ओलांडली जाते.

दहीही चालत नसेल तर काम खरोखर अवघड होते आणि ते लपवू नये. तेव्हा नाचणी दोन्ही जेवणांत यावी लागते. सोया किंवा बदामाचे दूध घ्यायचे तर पाकिटावर १०० मिलिलिटरमागे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम घातल्याचे लिहिलेले असेल तरच. घरी केलेल्या सोया दुधात ते फार थोडे असते. घातलेले कॅल्शियम तळाशी बसते, पाकीट हलवले नाही तर सगळे शेवटच्या पेल्यात जाते. शाकाहारी घरातल्या अशा मुलाला बी-१२ कुठून मिळणार, याचाही विचार डॉक्टरांबरोबर करावा लागतो. गोळी किंवा सिरप त्यांच्या सल्ल्याने. लेबलवर १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट असेल तर प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० असते. ते जेवणाबरोबर द्यावे आणि लोहाच्या औषधापासून दोन तास तरी दूर ठेवावे.

या सगळ्याला ड जीवनसत्त्वाची जोड हवी, नाहीतर पोटात गेलेले कॅल्शियम नीट शोषले जात नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात ते जवळजवळ तयार होत नाही. मुलाची सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाचे ऊन कामाचे. शाळेच्या वेळापत्रकात पावसाळा संपल्यावर खेळाचा तास अकराच्या सुमारास टाकायला काहीच खर्च येत नाही.

दक्षिणेतल्या राज्यांनी शाळेत नाचणी आणून दाखवली आहे. आंध्र प्रदेशाने मार्च २०२३ मध्ये शाळांत आठवड्यातून तीन दिवस रागी जावा, म्हणजे नाचणीची पेज, सुरू केली, कर्नाटकाने २०२४ पासून शाळेतल्या दुधात रागीचे मिश्रण घातले. महाराष्ट्रात तर नाशिक, पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कोल्हापूर असा नाचणी पिकवणारा पट्टाच आहे. त्या डोंगरउतारांवरच्या शेतकऱ्याला खात्रीचे गिऱ्हाईक नाही, म्हणून पेरा टिकत नाही; आणि शाळेच्या ताटात नाचणी नाही. ही दोन टोके जोडणे हे शासनाचेच काम आहे. मागणी फार मोठी नाही. नाचणी ‘गोड पदार्थ’ या खान्यातून काढून धान्याच्या खान्यात टाकावी, आणि आठवड्यातून तीन दिवस मुलामागे २५ ग्रॅम नाचणीचे पीठ आणि ताकापुरते दही तालुका पातळीवरून पुरवावे. साखरेसाठी वर्गणी काढण्याचा प्रश्नच उरत नाही.

स्वयंपाक करणाऱ्या ताईंना हे जमेल का, अशी शंका काढली जाते. शंभर मुलांसाठी अडीच किलो पीठ आदल्या संध्याकाळी पाच लिटर गार पाण्यात कालवून, झाकण ठेवून, आंबवायला ठेवायचे. उन्हाळ्यात आठ तास पुरतात, त्याहून जास्त ठेवले तर आंबट होऊन मुले सोडून देतात. सकाळी पंधरा लिटर पाण्याला उकळी आणून, कालवण ढवळत ढवळत बारीक धारेने ओतायचे. कोरडे पीठ उकळत्या पाण्यात टाकले तर गुठळ्या होतात आणि त्या मोडत नाहीत. मंद आचेवर वीस मिनिटे, तळाला न लागू देता, तकाकी येईपर्यंत शिजवायचे. आच लवकर बंद केली तर कच्चट वास राहतो. कोमट झाल्यावरच पाच लिटर ताक, सव्वाशे ग्रॅम मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि ठेचलेला लसूण घालायचा. गरम असताना ताक घातले तर ते फुटते. निवताना आंबील घट्ट होते, म्हणून उकळून गार केलेले दोन लिटर पाणी बाजूला ठेवायचे, आणि दोन तासांच्या आत वाढून मोकळे व्हायचे. एका मुलाच्या वाट्याला पावशेरभर आंबील आणि सुमारे ११० मिलिग्रॅम कॅल्शियम येते.